काका, त्या शंभर पानी वहीबद्दल

काका, सा. न.

हे पत्र चारचौघांत लिहितोय, तुम्हाला आवडणार नाही. पण समोर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘आधी चहा सांग’ म्हणून विषय उडवता.

भोसरीत माझ्या मशीन शॉपमध्ये बारा माणसं होती तोवर मी राजा होतो. दोन वर्षांत माणसं सत्तर झाली, चार मशीनची अकरा झाली आणि पगाराला खात्यात पैसे नाहीत! तुम्ही माझी विक्रीची शीट बाजूला सारलीत आणि शंभर पानी वही मागवलीत. डाव्या पानावर पैसा कधी येणार, उजव्या पानावर कधी जाणार. स्टीलवाल्याला माल उतरताच रोख, पगार ७ तारखेला, जीएसटी २० तारखेला. आणि तो बिल फाडलं की भरायचाच, आपले पैसे येवोत न येवोत. आमचं मोठं गिऱ्हाईक मात्र ११० दिवसांनी देणार. म्हणजे जेवढी मोठी ऑर्डर तेवढा मोठा खड्डा, आणि मी पेढे वाटत होतो.

२००६ चा एमएसएमई कायदाही तुम्हीच वाचायला दिलात. छोट्या उद्योगाचं बिल फार तर ४५ दिवसांत चुकवायचं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मी लगेच नोटीस काढायला निघालो. तुम्ही म्हणालात, “व्याज मिळेल, ऑर्डर जाईल. आधी त्या एकाच्या जिवावर जगणं कमी कर.” त्याला दीड वर्ष लागलं. (हल्ली मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चपर्यंत दिलं नाही, तर खरेदीदाराला ते त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. त्यामुळे मार्चात त्यांचेच अकाउंटवाले फोन करतात. मजा वाटते.)

पण मला खरा धडा दिला तो स्टुलाने. त्या शनिवारी तुम्ही व्हीएमसीजवळ, म्हणजे धातू कापणाऱ्या कॉम्प्युटरवाल्या मशीनजवळ, स्टूल टाकून बसलात. मशीन उभं, ऑपरेटर उभा. दोन हजारांचा इन्सर्टचा (मशीनच्या टूलला लावायच्या पात्यांचा) डबा संपलेला, मागणीवर माझी सही हवी, आणि मी चाकणला मीटिंगमध्ये. परतलो तेव्हा तुम्ही मनगट पुढे केलंत: दोन तास चाळीस मिनिटं. ओरडला नाहीत. “मशीनचा तासाचा रेट काय धरतोस?” एवढंच विचारलंत. गुणाकार केला, डब्याएवढेच पैसे नुसते उभे राहण्यात गेले होते. मशीन बंद पाडणारा माणूस मीच होतो. संध्याकाळी स्टोअरच्या दारावर तुमच्या अक्षरात चिठ्ठी लागली: ५,००० पर्यंत स्टोअरकीपर, ५०,००० पर्यंत शॉप मॅनेजर, पुढचं मालक.

पहिले सहा महिने मी गुपचूप प्रत्येक व्हाउचर तपासायचो, हे आज कबूल करतो.

गेल्या महिन्यात शॉप मॅनेजरने एक ऑर्डर मला न विचारता नाकारली. ९० दिवसांचं क्रेडिट मागत होते म्हणे. आठ लाखांचं काम! दिवसभर धुमसत होतो. रात्री वही काढून बघितली, तर उजवं पान आधीच भरलेलं.

त्या मॅनेजरबाईंवर मी न ओरडल्याबद्दलचे आभारही तुमचेच.

तुमचा,
भोसरीचा ‘राजा’