चिऊचं कराडला ठरलंय

फलटण, रविवार

ती. आई-आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं, पण आप्पा लगेच फोन आईकडे देतात आणि आई रडायला लागते. म्हणून लिहितेय. आप्पा, चष्मा लावून आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

दादाच्या चिऊचा नंबर कराडच्या सरकारी इंजिनिअरिंगला लागला. फॉर्ममध्ये पहिल्या नंबरला मीच ते टाकलं होतं, तुम्हाला न विचारता. दादा-वहिनीनं मुंबईहून हो म्हटलंय. पहिली पसंती मिळाली की सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की होते, आता मागं फिरता येत नाही. (येतं, पण फिरायचं नाही.)

दहिवडीची बी.एस्सी. वाईट नाही, आप्पा. घरून जाऊन-येऊन होतं, खर्च नाही, पोरगी डोळ्यासमोर. पण 1998 ला आपण हाच हिशेब मांडला होता. मार्कांत कराड बसत होतं. चार वर्षं मेस कोण भरणार, म्हणून मीच म्हणाले, मला मास्तरीणच व्हायचंय. दोन वर्षांचं डी.एड. आणि लगेच नोकरी. राग नाही हो माझा. शिक्षणसेवकीचे 3000 घरी यायला लागले तेव्हाच आईचं ऑपरेशन झालं. आणि ढवळ्या बैल विकलात हे मला तेव्हाच कळलं होतं, एवढंच.

आता फीचं तसं राहिलं नाही. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आपल्यासारख्या ओबीसी घरांतल्या मुलींची शिक्षण फी, परीक्षा फी सरकारनं 2024 पासून माफ केलीय. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, सगळं फाईलला लावलंय. होस्टेल-मेस माझ्याकडे. मेसचे महिन्याला 3000 सांगितले, तेव्हा मला हसूच आलं.

आई, डोळ्यांत थेंब कोण घालणार, हेच ना तुझ्या मनात? शेजारच्या काकू दोन्ही वेळा येतील. गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे भरून आणतेय. बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. आप्पा, रात्री लाईट आली म्हणून एकट्यानं विहिरीवर जायचं नाही. दादा गणपतीला आला की मोटरला ऑटो स्विच बसवेल.

आणि चिऊसमोर डोळे पुसू नका. तिनं अजून बॅग भरायला घेतली नाही, तुमच्या तोंडाकडे बघत बसलीय. माझी गुणपत्रिका टोपीत घालून आप्पांनी गावभर दाखवली होती. तिचा कागदही दाखवा की.

माझी ट्रंक तिला देऊ नका, तळ गंजलाय. शनिवारी पहिल्या एसटीनं येते. आई, पिठलं-भाकरी कर, बाकी घाट घालू नकोस.

तुमची,
बेबी