ड्रायव्हर शोधा, पण आयडीवरून

महोदय,

विंडोज ११ काढून १० टाकले की लॅपटॉपचे वाय-फाय किंवा आवाज गायब होतो, कारण ते भाग चालवणारे ड्रायव्हर (छोटे प्रोग्रॅम) नसतात, आणि लोक ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाची फुकट सॉफ्टवेअर उतरवतात. त्यात ड्रायव्हर कमी, जाहिराती फार! त्यापेक्षा डिव्हाइस मॅनेजर (संगणकाच्या भागांची विंडोजमधली यादी) उघडावा. पिवळ्या त्रिकोणाच्या नोंदीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स आणि तिथल्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’. त्यात ‘व्हीईएन’नंतरची चार अक्षरे कंपनीची (८०८६ इंटेल, १०ईसी रिअलटेक), ‘डीईव्ही’नंतरची चार नेमक्या चिपची. दोन्ही मिळून शोध घ्यावा.

नोंदींची नावे मात्र फसवी असतात. ‘नेटवर्क कंट्रोलर’ हे बहुधा वाय-फाय असते. ‘एसएम बस कंट्रोलर’ चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा) ड्रायव्हर टाकताच सहसा यादीतून जातो. म्हणून चिपसेट आधी. ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून मॉडेल क्रमांक टाकून घ्यावा. तिथे नसेल तर चिप बनवणाऱ्याकडून.

इंटरनेटच नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट केबलमधून संगणकाला देणे) सुरू करावे, विंडोज १० ते सहसा आपोआप ओळखते. अर्थात, या विंडोजचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपला आहे.

– एक वाचक, पुणे