पहिल्या ट्रंपेटच्या शेजारची खुर्ची

प्रिय ओंकार,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ऑर्केस्ट्रात सेकंड ट्रंपेटच्या, म्हणजे दुसऱ्या खुर्चीच्या, जागेसाठी अर्ज करायचा नाही, प्रिन्सिपलची, म्हणजे पहिल्या ट्रंपेटची, जागा निघेपर्यंत थांबायचं, असं तू जवळजवळ ठरवलेलं दिसतंय. निर्णय तुझा आहे, त्यात मी आडवी येणार नाही. पण माझी सगळी नोकरी याच दुसऱ्या खुर्चीत झाली. तिच्याबद्दल मला जे वाटतं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. फोनवर आपण दोघंही लगेच हिरीरीला येतो, म्हणून लिहिते आहे.

आधी जागांचा हिशेब बघ. मोठ्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले तीसच्या आसपास असतात आणि ट्रंपेटवाले तीन, फार तर चार. त्यात प्रिन्सिपल एकच. आणि एकदा त्या खुर्चीत बसलेला माणूस सहसा उठत नाही. तुझ्या भिंतीवर ज्यांचा फोटो आहे ते अ‍ॅडॉल्फ हर्सेथ १९४८ मध्ये शिकागो सिंफनीचे प्रिन्सिपल झाले आणि २००१ पर्यंत तिथेच होते. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये विल्यम वाकियानो १९४२ ते १९७३. लंडन सिंफनीत मॉरिस मर्फी १९७७ ते २००७. एका जागेसाठी वादकांच्या दोन-दोन पिढ्या वाट बघत राहिल्या. त्या वाट बघणाऱ्यांतही उत्तम वादक होतेच, पण त्यांची नावं आज आपल्याला ठाऊक नाहीत.

हर्सेथना शिक्षण संपता संपता थेट पहिली खुर्ची मिळाली, असं तू लिहिलंस. खरं आहे. गणिताची पदवी घेतलेला, युद्धकाळात नौदलाच्या बँडमध्ये वाजवलेला तो तरुण बोस्टनच्या कॉन्झर्व्हेटरीतून निघाला तो शिकागोच्या पहिल्या खुर्चीतच जाऊन बसला. पण त्यांच्याच सेक्शनमध्ये, म्हणजे ट्रंपेटवाल्यांच्या गटात, १९७५ साली फिलिप स्मिथ नावाचा मुलगा रुजू झाला, तोही तेव्हा नुकताच शिक्षणातून बाहेर पडत होता. तो पहिल्या खुर्चीसाठी थांबला नाही. तीन वर्षं हर्सेथच्या बाजूने वाजवून १९७८ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि १९८८ पासून २०१४ पर्यंत तिथला प्रिन्सिपल होता. सुझन स्लॉटर सेंट लुईस सिंफनीच्या सेक्शनमध्ये १९६९ साली आल्या आणि १९७३ मध्ये प्रिन्सिपल झाल्या. अमेरिकेच्या मोठ्या ऑर्केस्ट्रात ती जागा मिळवणारी पहिली बाई. आम्ही मुली शिकत होतो तेव्हा हे एक नाव आमच्या किती कामाला आलं, ते तुला मी पुरेसं कधी सांगितलंच नाही.

पण सेकंडची जागा म्हणजे वर चढायची पायरी, एवढंच सांगायला मी बसलेली नाही. ती पायरी ठरली नाही तरी ते काम आयुष्यभर करण्यासारखं आहे. मला खरं तेच सांगायचंय.

तुम्ही मुलं ऑडिशनसाठी फर्स्टच्या ओळीतले उतारे घोकता, म्हणून सेकंडच्या ओळीत काय असतं हे तुम्हाला दिसत नाही. द्वोर्झाकच्या आठव्या सिंफनीचा शेवटचा भाग ट्रंपेटच्या ललकारीने सुरू होतो. ती दोघं मिळून, एकाच सुरात वाजवतात. प्रेक्षकांना एकच ट्रंपेट ऐकू यायला हवा. त्यासाठी सेकंडने फर्स्टचा श्वास ऐकायचा, जीभ त्याच क्षणी सोडायची, आवाज त्याच्या आवाजाच्या आत ठेवायचा. जरा वर गेलास तर फर्स्टला ढकललंस, जरा खाली राहिलास तर त्याला एकटं पाडलंस. हे जमतं तेव्हा आपला आवाज वेगळा असा ऐकूच येत नाही, आणि शेजारचा माणूस एकदम दुप्पट मोठा वाजायला लागतो. त्यातलं सुख मला इतक्या वर्षांत कधी शिळं वाटलं नाही.

आणि सूर! मेजर कॉर्डमधला गंधार सेकंडकडे आला, की तो ट्यूनरच्या काट्यापेक्षा साधारण चौदा सेंटनी (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा) खाली धरावा लागतो, तरच कॉर्ड शांत होते. पुढच्याच मात्रेला तोच सूर नव्या कॉर्डचा षड्ज झाला, की ते खाली धरणं सोडून द्यायचं. हे सगळं ओठांनी आणि कानांनी, डोळ्यांसमोर फक्त कागद. त्यात आपल्या वाट्याला खालचे सूर जास्त. लो डी आणि लो सी शार्प या वाद्यावर मुळातच चढे बोलतात, म्हणून तिसऱ्या व्हॉल्व्हची, म्हणजे दाबायच्या खटक्याची, नळी बोटाने बाहेर सरकवत वाजवायचे. बेथोव्हेनच्या सिंफनी लिहिल्या जात होत्या तेव्हा ऑर्केस्ट्रातल्या ट्रंपेटना व्हॉल्व्ह नव्हते, मोजक्या नैसर्गिक सुरांत भागवावं लागे. म्हणून सेकंडच्या ओळीत अचानक अख्ख्या सप्तकाची उडी येते, तीही हळू वाजवायच्या जागी. तुझ्या उंच सुरांचं सगळे कौतुक करतात आणि ते रास्त आहे. पण गेल्या वेळी तू आलास तेव्हा तुझा लो सी मला डळमळीत वाटला. वर जायच्या हौसेत खालचं सप्तक तसंच राहून जातं, हे मी फार मुलांच्या बाबतीत पाहिलंय.

ऑडिशनबद्दल तू विचारलंस. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी निदान पहिल्या फेऱ्या पडद्याआड होतात. तुला नाव नसतं, नंबर असतो. चालण्याच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून जमिनीवर गालिचा अंथरतात. बोलायचं नाही. काही विचारायचं झालं तर सोबत आलेल्या माणसाच्या कानात सांगायचं, तो तुझ्या वतीने विचारतो. मग उतारे. मुसॉर्गस्कीच्या ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’मधला पहिलाच प्रोमेनाड, जो राव्हेलने १९२२ च्या वाद्यरचनेत एकट्या ट्रंपेटच्या हाती दिला. तो मात्रा पाच आणि सहा अशा बदलत चालतो, आणि चालणाऱ्या माणसाची ती गत मोडता कामा नये. मालरच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात: तीन झटपट सूर आणि एक लांब, पुन्हा तीन आणि एक. मालरने तिथे लिहून ठेवलंय की ते तीन सूर किंचित घाईने, लष्करी ललकारीसारखे यायला हवेत. निम्मी मुलं मेट्रोनोमला चिकटून तीन सारखे सूर देतात, उरलेल्यांची घाई पळापळ होते. स्त्राविन्स्कीच्या ‘पेत्रुश्का’ बॅलेमधला बॅलेरिनाचा नाच, बेथोव्हेनच्या ‘लिओनोरा’ ओव्हर्चर क्रमांक तीनमधली पडद्यामागची हाक, असं चालू राहतं. आत किती वेळ गेला ते कळतही नाही. बाहेर येताना वर्षांचा रियाज काही मिनिटांत तोलला गेलेला असतो. कधी कधी समिती कुणालाच निवडत नाही आणि सगळे रिकाम्या हाताने परततात. ते तुझ्याबाबतीत झालं तर मनाला लावून घेऊ नकोस.

सेकंडच्या ऑडिशनमध्ये मात्र शेवटी बऱ्याचदा पडदा निघतो आणि प्रिन्सिपल येऊन तुझ्या शेजारी बसतो. तिथे तुझे उतारे कुणी बघत नाही. तू ऐकतोस का, एवढंच बघतात. एखादा उतारा तो मुद्दाम वेगळ्या लयीत सुरू करेल, आवाज अर्ध्यावर आणेल, आणि तू कुठे आहेस ते पाहील. निवड झाल्यावरही नोकरी पक्की नसते. जर्मनीत उमेदवारीचा काळ असतो आणि शेवटी सहकारी वादक मत देतात. ब्रिटनमध्ये काही उमेदवारांना महिनोन्‌महिने आळीपाळीने बोलावून सोबत वाजवून बघतात. लंडन सिंफनीसारख्या संस्थेत तर सदस्यही पगारी नसतात, वाजवतील तेवढं मिळतं, म्हणून चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला तिथे इतकं महत्त्व. मर्फींनी ब्रास बँडमधून सुरुवात केली होती. ते लंडन सिंफनीत आले त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’चं संगीत रेकॉर्ड झालं, आणि त्या सुरुवातीच्या ट्रंपेटने सिंफनी कधी न ऐकणाऱ्या लोकांपर्यंतही त्यांचा आवाज पोचवला. पैशाचा भाग इतकाच सांगते: जिथे अर्ज करशील तिथला करार नीट वाच, आठवडे किती, पेन्शन आहे का, आजारपणात काय, हे बघ. बाकी शिकवण्या आणि सुटे कार्यक्रम सगळेच करतात, त्यात कमीपणा नाही.

शरीराचं मात्र मी लांबण लावणार आहे. आपलं वाद्य पितळेचं असलं तरी वाजतात ते ओठ, आणि ओठ म्हणजे स्नायू. थकल्यावर जोर देऊन वाजवलंस, तर माउथपीस ओठावर रुततो, रक्त अडतं, आवाज कोरडा पडतो, आणि त्याच सवयीतून पुढे मोठी दुखणी उभी राहतात. जेवढं वाजवशील तेवढाच वेळ वाद्य खाली ठेव. सकाळी पहिला सूर मऊ लाव. दातांची तपासणी टाळू नकोस. सरावाच्या खोलीतही कानात संरक्षण घाल. बंद खोलीत ट्रंपेट किती मोठा असतो हे वाजवणाऱ्यालाच उशिरा कळतं. हर्सेथना १९५२ मध्ये मोटार अपघात झाला, पुढचे दात गेले, खालचा ओठ फाटला. दुसरा कुणी संपला असता. ते पुन्हा वाजवायला लागले आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं पहिल्या खुर्चीत बसले. ही गोष्ट आपण सगळे धैर्याची म्हणून सांगतो. मला त्यात दुसरंही दिसतं: ओठ आधीसारखे राहिले नव्हते, तरी कोणता आवाज काढायचाय हे डोक्यात इतकं स्वच्छ होतं की ओठांना त्याच्या मागे यावंच लागलं. म्हणून म्हणते, रोज थोडं वाद्य न उचलता, नुसतं कागदाकडे बघून मनात वाजव.

आता विन्सेंट चिकोविझ यांच्याबद्दल. तू त्यांच्या लांब सुरांच्या पानांवर रोज वॉर्म-अप करतोस, पण ते कोण होते हे कधी विचारलं नाहीस. १९५२ ते १९७४ ते शिकागो सिंफनीत होते, हर्सेथच्या शेजारी, सेकंड ट्रंपेट. त्याच काळात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकवायला लागले आणि १९९८ पर्यंत शिकवत राहिले. श्वास मोकळा सोडायचा, सूर अडवायचा नाही, गाण्यासारखा वाहू द्यायचा, हे आज कितीतरी ऑर्केस्ट्रांतले ट्रंपेटवाले करतात ते त्यांच्याकडून आलेलं. मला वाटतं, हे त्या दुसऱ्या खुर्चीत बसूनच सुचतं. तिथे रोज जगातला एक उत्तम आवाज हातभर अंतरावरून ऐकू येतो, आणि तो कसा निघतो याचा विचार करायला वेळही मिळतो. फर्स्टला तो वेळ नसतो. त्याला पुढच्या सोलोची धास्ती असते.

आणि एक गोष्ट फर्स्टच्या बाजूने. मोठा सोलो येतो त्याआधी शेवटच्या काही मात्रा सेकंडने उचलायच्या असतात, म्हणजे त्याच्या ओठांना दम मिळतो. कुणी सांगत नाही, कुठे लिहिलेलं नसतं. मी ज्यांच्याशेजारी बसले त्यांना मान हलवूनही सांगावं लागलं नाही. एका मैफलीत माझ्या शेजारच्याचा ओठ ऐन सिंफनीत सुजला. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं, मी त्याची ओळ घेतली, त्याने माझी घेतली. कंडक्टरला मध्यंतरात कळलं. त्या संध्याकाळी माझ्या कामाचा मला जितका अभिमान वाटला, तितका कुठल्या टाळ्यांनी वाटला नसता.

तुला पहिली खुर्ची हवी आहे, ती हवीशी वाटू दे. तुझ्यात तो दम आहे, असं मी आई म्हणून नाही, ट्रंपेटवाली म्हणून म्हणते. पण थांबून राहिलेला वादक एकटा वाजवतो, आणि एकट्याने वाजवून ऑर्केस्ट्रात वाजवता येत नाही. शेजारी कुणीतरी रोज बसावं लागतं.

फॉर्मची मुदत संपायला अजून दिवस आहेत. भरणार असशील तर उताऱ्यांच्या यादीत बार्टोकचा ‘कॉन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ नक्की असेल. त्यातल्या जोड्यांच्या भागात दोन ट्रंपेट म्यूट (आवाज दबवणारं बूच) लावून, एकमेकांपासून फक्त एका स्वराच्या अंतरावर चालतात. सेकंडला सारखं वाटतं की आपला सूर चुकतोय, आणि तो फर्स्टकडे सरकायला बघतो. सरकायचं नसतं. हे एकट्याने बसवता येत नाही. रविवारी येताना सी ट्रंपेट आणि सरळ म्यूट घेऊन ये. फर्स्ट मी वाजवते, सेकंड तू वाजव.

तुझी,
आई