मूत्रपिंडाच्या रिपोर्टात वंश कशाला?

महोदय,

औषधोपचारात वंशाचा निकष हवाच, असे ठामपणे सांगणाऱ्यांनी अमेरिकेतील मूत्रपिंडाच्या रुग्णांकडे जरूर पाहावे. रक्तातील क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्यावरून ‘ईजीएफआर’, म्हणजे मूत्रपिंडे रक्त किती गाळतात याचा अंदाजी आकडा (कमी म्हणजे वाईट), काढण्याच्या २००९ च्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असला, की उत्तराला १.१५९ ने गुणत. त्यांचे स्नायू अधिक असतात, हे त्यामागचे गृहीतक. गोऱ्या रुग्णाचा आकडा १८ आला, तर २० च्या आत म्हणून प्रत्यारोपणासाठी त्याची प्रतीक्षा मोजली जाऊ लागे. तेच वय, तेवढेच क्रिएटिनिन असलेल्या कृष्णवर्णीयाचा आकडा मात्र जवळपास २१, म्हणजे तो अजून बाहेरच! आई गोरी आणि वडील काळे असतील तर काय, याचे उत्तर सूत्राकडे नव्हते. २०२१ मध्ये हा गुणक वगळला गेला आणि २०२३ पासून अशा रुग्णांची हुकलेली प्रतीक्षा भरून द्यायला सुरुवात झाली. तोवर जे गेले, त्यांचे काय?

वंशाची नोंदच नको, असे मी म्हणत नाही. भेदभाव कुठे होतो हे त्याशिवाय कळणार नाही. पण आकडेमोडीत तो नको.

अमेरिकेत ‘काळ्यांचा आजार’ मानल्या गेलेल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी मी इथे विदर्भात काचपट्टीवर नेहमी पाहते. त्याचा धागा मलेरियाशी आहे (त्याचे एकच जनुक असलेल्याला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत ते टिकले), कातडीच्या रंगाशी नाही. आपल्याकडेही आडनाव पाहून ही चाचणी सांगितली जाते. ती प्रत्येक गर्भवतीची व्हावी.

– एक लॅब टेक्निशियन, नागपूर