काका, ती पट्टी आमच्याकडे आहे

काका,

कार्यक्रम संपला, लोक भेटायला आले, फोटो सुरू झाले, आणि तेवढ्यात तुम्ही साउंडच्या वायरी गुंडाळून टेम्पोत बसून निघूनही गेलात. दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणालात, "अरे, माझं कामच आहे ते." काम आहेच. पण तेच काम दुसरे कसं करतात हे आम्ही सोसलंय, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. नाव लिहू नको म्हणालात, तेवढं ऐकतो.

फेब्रुवारी २०२० नंतर आमचा बँड स्टेजवर उभाच राहिला नव्हता. आमच्या संबळवाल्याच्या घरात गोंधळ पिढ्यान्‌पिढ्यांचा. कोरोनात लग्नाला पन्नासच माणसं म्हटल्यावर गोंधळाला कोण बोलावणार? देवळंही बंद. ऑक्टोबर २०२१ मध्ये घटस्थापनेला देवळं पुन्हा उघडली, त्याच महिन्याच्या २२ तारखेला निम्म्या खुर्च्यांवर नाट्यगृहं. तोवर बेसवाला बंगळुरूला नोकरीला लागला होता आणि मी गिटार माळ्यावर टाकली होती. मग सुट्ट्या जुळवून, खोलीच्या भिंतींना गाद्या लावून, एकेक करत नऊ गाणी रेकॉर्ड झाली. अल्बम झाला.

अल्बम घेऊन पहिल्यांदा स्टेजवर गेलो ते तुमच्याकडे नाही. एका मोठ्या महोत्सवात गेलो होतो. तिथल्या साउंडवाल्यांनी साउंड चेकला दहा मिनिटं दिली. संबळाच्या दोन भांड्यांमध्ये एकच माइक खुपसला आणि तिथूनच ओरडले, "त्या ढोलवाल्याला जरा हळू वाजवायला सांगा!" दुसऱ्या गाण्यात स्पीकरमधून शिट्टी यायला लागली, तर त्यांनी संबळाचा चॅनेलच बंद करून टाकला. आम्हाला कुणालाच कळलं नाही. संबळवाल्याला कळलं होतं. उरलेली सगळी गाणी तो बंद माइकवर, घामाघूम होऊन, तसाच जीव तोडून वाजवत राहिला. परत येताना गाडीत संबळ मांडीवर घेऊन एवढंच म्हणाला, "दादा, पुढच्या वेळी इलेक्ट्रॉनिक पॅडवर वाजवणारा कुणी बघा."

मानधन अजून आलेलं नाही. त्याचं एक वेळ सोडून देईन. ते वाक्य मात्र मी त्या माणसांना कधीच माफ करणार नाही.

म्हणून त्या दिवशी तुमच्या मिक्सरपाशी आलो तेव्हा मी भांडायच्याच तयारीत होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. सरळ संबळवाल्याकडे गेलात आणि विचारलंत, "स्टँडवर ठेवून वाजवतोस की कमरेला बांधून?" तो गडबडला. हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. म्हणाला, "बांधूनच सवय आहे, पण माइक..." तुम्ही म्हणालात, "माइकचं मी बघतो. तू बांध." आणि दोन चिमुकले माइक भांड्यांच्या काठाला चिमट्यांनी लावून दिलेत, वायर त्याच्या पाठीमागून पट्ट्यात खोचलीत, दोनदा ओढून पाहिलीत.

मग मिक्सरवर कागदी टेपची पट्टी चिकटवलीत. आजवर आम्ही त्या पट्टीवर एक तर आकडे पाहिले, नाही तर 'पर्कशन'. तुम्ही पेन हातात धरून त्याला विचारलंत, "या दोघांना तू काय म्हणतोस?"

तो लाजत म्हणाला, "आमच्या घरात थोरलं आणि धाकटं म्हणतात."

तुम्ही लिहिलंत. जाड मार्करने, शेजारी शेजारी: थोरलं, धाकटं. काका, एवढंच. पण त्याचे खांदे खाली आलेले मी पाहिले. त्यानंतर तो संबळ बांधून स्टेजवर असा फिरला की बेसवाल्याला दोनदा बाजूला व्हावं लागलं. शेवटच्या गाण्यात बाकी सगळं थांबतं आणि एकटं थोरलं घुमतं, तिथे शेवटच्या रांगेपर्यंत खुर्च्या थरथरल्या. एकदाही शिट्टी नाही.

चांगला आवाज पैसे टाकून भाड्याने मिळतो. समोरच्याला त्याच्या वाद्याचं नाव विचारणारा माणूस फार क्वचित भेटतो. आमच्या क्षेत्रात कलाकाराच्या मोठेपणाच्या गप्पा खूप होतात. पण मान राखला जातो तो सतरंजी टाकणाऱ्याच्या, चहा आणून देणाऱ्याच्या, वायर ओढणाऱ्याच्या हातून. ही माणसं नीट वागली की कार्यक्रम उभा राहतो. तुम्ही नुसते नीट वागला नाहीत, आमचा माणूस आम्हाला परत दिलात.

पट्टी तुम्ही मिक्सरवरून सोलून कचऱ्यात टाकली होतीत. त्याने ती उचलली. आता ती संबळाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली आहे. पॅडचा विषय त्याने परत काढलेला नाही. पुढचा कार्यक्रम कोल्हापूरला ठरतोय. तुमच्या तारखा आधी कळवा, मग आम्ही आमची सांगतो.

तुमचा,
गिटारवाला