पट्टीचं दुमडलेलं टोक

काका,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. नाशिकच्या भद्रकालीतल्या त्या बोळात परवा पुन्हा आले होते, तर तुमच्या कॅमेऱ्याच्या दुकानाला कुलूप. म्हणून हे असं चारचौघांत.

पंचवटीतल्या आमच्या वाड्यात आजीच्या देवघराला खिडकी नाही. समईच्या उजेडात ती वाती वळत बसते, तेवढंच मला टिपायचं होतं. कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवर दर वेळी तिच्या हातांचे नुसते फराटे यायचे. अंधारात टिपता यावं म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ६४०० वर नेला, तर फोटोभर रवा सांडल्यासारखे दाणे. तुमच्याआधी दोन दुकानं झाली होती. एकाने हातभर झूम पुढ्यात ठेवला, "मॅडम, यात सगळं येतं." दुसऱ्याने ५० एमएमचा प्राइम, म्हणजे झूम न होणारा लेन्स, "सगळे हाच नेतात." बजेट दोघांनी विचारलं. आजी कुठे बसते, मी कुठे उभी राहते, हे विचारायला मात्र कुणाला फुरसत नव्हती.

तुम्ही एवढंच विचारलंत, "खोली केवढी?" मी हात पसरून दाखवली. मग माझ्याच १८-५५ एमएमच्या किट लेन्सची झूमची रिंग ५० वर आणून तिथे मास्किंग टेप लावलीत. सेलोटेप नको, डिंक राहतो म्हणालात. "आठ दिवस झूम विसरा, पायांनी मागेपुढे व्हा." आणि जाता जाता पट्टीचं एक टोक नखभर आत दुमडलंत, मला काढायला सोपं जावं म्हणून. काका, मी अजून त्या टोकापाशीच अडकलेय. तुम्हाला मला काही विकायचं नव्हतं. मी परत येईन याचाही भरवसा नव्हता. तरी माझ्या नखांची काळजी!

५० वर पाठ भिंतीला टेकली तरी आजीचा अंबाडा कापला जायचा. माझ्या कॅमेऱ्यासारख्या लहान सेन्सरवर ५० चं दृश्य ७५-८० इतकं आवळतं, हे वाचलेलं होतं. पटलं ते भिंत लागल्यावर. परत आले तेव्हा तुम्ही पट्टी ३५ वर सरकवलीत आणि हात, कापूस, समई सगळं मावलं. मग ३५ चाच प्राइम घेतला, एफ १.८ चा; हा आकडा जितका लहान, तितका लेन्स जास्त उघडतो. माझा किट तिथे ४.५ च्या पुढे उघडत नाही, म्हणजे उजेड सहापट. आता बोटांमधला पीळसुद्धा दिसतो.

आणि नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीतल्या पक्ष्यांना झूमच लागेल, हेही तुम्हीच बजावलंत. "तिथे पायांनी पुढे गेलात तर थेट पाण्यात!" ओठांत एक, पोटात एक असा कारभार नाही. अशी माणसं बाजारात असली की बाजारात जायची भीती वाटत नाही. पट्टीचे पैसे विचारले, तर चष्म्यावरून नुसतं बघितलंत.

फोटो छापून ठेवलाय. सोबत आजीने वातींची एक जुडी बांधून दिली आहे. दुकान कधी उघडताय?