रात्रपाळी आता पुरे, बाबा

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, डॉक्टरांनी चोवीस तास दंडाला बांधलेला रक्तदाब मोजायचा पट्टा तुम्ही रात्री काढून फेकणार होता म्हणे. आईनं सांगितलं. अर्ध्या-अर्ध्या तासानं तो फुगत राहिल्यावर वैताग येणारच. पण आता रिपोर्ट माझ्या हातात आहे. झोपेत रक्तदाब दिवसापेक्षा साधारण 10 ते 20 टक्के उतरायला हवा. तुमचा जवळजवळ तिथल्या तिथेच राहिलाय.

“गोळ्या घेतोय की वेळेवर,” असं तुम्ही म्हणणार. घेता, पण बाकी कशालाच वेळ नाही. यंत्रमागावर निम्मं आयुष्य रात्रपाळीत गेलं, तेव्हा इलाज नव्हता. आता रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी रात्री दीडपर्यंत टीव्ही आणि दुपारी तीन तास पंख्याखाली घोरणं. आणि तुमच्यापायी आईही जागी. आई, तूसुद्धा ऐक, पहाटे पाचला भाकरीच्या पिठात हात घालायची तुला आता काही गरज नाही.

डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी पेशींचा एक बारीक पुंजका असतो, तेच शरीराचं मोठं घड्याळ. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की त्याला कळतं, दिवस सुरू झाला. हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींतही अशी घड्याळं असतात, ती या मोठ्या घड्याळाशी जुळवून चालतात. त्यांच्या जनुकांवरच्या कामाला 2017 मध्ये नोबेल मिळालं, तेही फळांवरच्या चिलटांवर प्रयोग करून! (हसा खुशाल.) पहाटे हे घड्याळच रक्तदाब चढवतं, रक्तही गोठण्याकडे जरा जास्त झुकतं. हार्ट अ‍ॅटॅक सकाळी सहा ते बाराच्या दरम्यान जास्त येतात, त्यामागे हेही एक कारण. यावरून “मग सकाळी फिरायलाच नको” असा अर्थ काढू नका. तुम्ही नक्की काढाल, म्हणून आधीच सांगते. उठल्या उठल्या तरातरा निघायचं नाही, एवढंच.

चालण्यानं रक्तदाब उतरतो, रात्री झोप लागते. पण तुमचं चालणं सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेसारखं, वर्षातून एकदा. जानेवारीत नंदीध्वजांच्या मागं 68 लिंगांची फेरी पायी केलीत आणि पुढचे आठ दिवस खाटेवरून हलला नाहीत. आठवड्याला 150 मिनिटं म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. तेवढंच, पण रोज ठरलेल्या वेळी. सकाळी सातला ओट्यावर उजेडात बसून चहा घ्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपार विसराच, संध्याकाळी साडेसहाला दोघांनी सिद्धेश्वर तलावाकडे निघायचं. रात्रीचं जेवण आठला, टीव्ही दहाला बंद. दुपारची झोप वीस मिनिटं, गजर लावून.

गोळीची वेळ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. आणि चालताना छातीवर दाब आला, हात भरून आला, तर “पित्त झालंय” म्हणत बसायचं नाही. थांबायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा.

उद्यापासून रोज संध्याकाळी पावणेसातला फोन करेन. मीही इथं तेव्हा चालतच असेन. मागून टीव्हीचा आवाज आला तर फोन आईकडे द्यायला सांगेन.

येताना शेंगाची चटणी न्यायची आहे, मीठ कमी घालून कर गं आई.

तुमची,
ताई